पंख्याने दाखवलेला कात्रजचा घाट

इसवी सन १६६३ च्या एप्रिल महिन्यात लाल महालातील शाएस्तेखानावर छापा घालून शिवाजी महाराज सिंहगडाकडे निघून गेले आणि त्यांच्या माणसांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पाठलागावर आलेल्या मोगली फौजेस भलत्याच दिशेने कात्रजच्या घाटात नेऊन सोडले, अशी जी हकीकत परंपरेने आपल्यापर्यंत आली आहे, तिने मराठी भाषेला एक वाक्प्रचार दिला आणि आम्हा कात्रजकरांना एक कायमचे ओशाळेपण. कारण कोणी कोणास फसवले की घाट मात्र आमचा दाखवला जातो. वास्तविक अलीकडे ज्या फसवणुकीचा मी साक्षीदार झालो तिचा कात्रजशी संबंध इतकाच, की फसलेले गृहस्थ माझे शेजारी होते. फसवणारी वस्तू म्हणजे ॲल्युमिनियमचा तीन पात्यांचा, काळ्या रंगाचा, होडीच्या मोटारीचा एक पंखा.

हे शेजारी, ज्यांना आमच्या आळीत सर्वजण आबा म्हणतात, एस. टी. महामंडळाच्या गाडीवर चालक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहेत आणि जुन्या सातारा रस्त्याने कात्रजचा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला याचा हिशेब त्यांनाही देता येत नाही. त्यांच्या मेहुण्याचा पानशेतच्या जलाशयात मासेमारीचा व्यवसाय असून, वल्ही मारून हात भरून येतात म्हणून त्याने रीतसर परवाना काढला आणि मुंबईहून एक जुनी, पंचवीस अश्वशक्तीची, दोन स्ट्रोकची मोटार आणली, जी होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची असते आणि म्हणून जिला आउटबोर्ड म्हणतात. मोटार सुरू होई, आवाजही दमदार करी. पण चार माणसे आणि जाळी होडीत घातली की ती कण्हत, धूर ओकत, जेमतेम पुढे सरके. मेहुण्याने कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलले, तेलाचे प्रमाण तपासले, आणि शेवटी मोटारच म्हातारी झाली असा निकाल देऊन ती भंगारात काढण्याची तजवीज चालवली. तेव्हा आबा माझ्याकडे आले. मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, एवढाच माझा या बाबतीतला अधिकार.

पंखा म्हणजे मूलतः मळसूत्र. लाकडात स्क्रू पिळताना एका फेऱ्यात तो जितका आत शिरतो तितका त्याचा आटा. त्याचप्रमाणे पंखा एका पूर्ण फेऱ्यात, पाणी लाकडासारखे घट्ट असते असे धरून, जितका पुढे गेला असता ते अंतर म्हणजे त्याची पिच. पंख्याच्या मधल्या तुंब्यावर दोन आकडे कोरलेले असतात, त्यांपैकी पहिला घेराचा व्यास आणि दुसरा ही पिच, दोन्ही इंचांत. व्यास हा बहुतांशी मोटारीच्या खालच्या गिअरपेटीने आणि तिच्या ताकदीने ठरवून दिलेला असतो, त्यात आपणांस फारसे स्वातंत्र्य नाही. निवड करायची असते ती पिचची. पिच अधिक म्हणजे पात्याचा चढ अधिक, एका फेऱ्यात अधिक मजल, पण तो फेरा पुरा करण्यास अधिक जोर. पिच कमी म्हणजे मजल थोडी, पण फेरा हलका.

हे मी आबांना सांगू लागलो तेव्हा त्यांनी मला अर्ध्यातच थांबवले.

"म्हणजे टॉप गिअरमध्ये घाट चढवतोय म्हणा की गुरुजी."

तीस वर्षे शिकवूनही मला सुचली नव्हती अशी ही उपमा होती आणि ती तंतोतंत होती. भरलेली गाडी घाटाच्या पायथ्याशी आली असता गिअर खाली न घेता जो चालक ॲक्सिलरेटरच दाबत राहतो, त्याच्या इंजिनाचे फेरे पडतात, ते ठोके देऊ लागते, तापते, आणि अखेर त्याच्या अंगी असलेली शक्तीही त्याला देता येत नाही. कारण इंजिनाची पूर्ण अश्वशक्ती ही त्याच्या ठराविक फेऱ्यांवरच हाती येते. गाडीत गिअर चार-पाच असतात. होडीच्या मोटारीत पुढे जाण्याचा गिअर एकच. तेव्हा घाटासाठी कोणता आणि सपाटीसाठी कोणता हा प्रश्न तिथे गिअरच्या दांड्याने सुटत नाही, तो पंखा निवडतानाच सोडवावा लागतो.

या मळसूत्राचा जलप्रवासातील इतिहासही चुका आणि योगायोग यांनी भरलेला आहे. १८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रजाने आपल्या पंख्याचे पेटंट घेतले तेव्हा तो पंखा खरोखरच लांबलचक लाकडी मळसूत्राच्या आकाराचा होता. पुढल्या वर्षी कालव्यातील चाचणीत त्याचा निम्मा भाग कशावर तरी आपटून तुटला आणि सर्वांच्या आश्चर्यास पारावार न उरता होडी अधिक वेगाने धावू लागली. सांप्रतच्या आखूड पात्यांचा पंखा हा असा अपघातातून सुचला. १८४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश आरमाराने 'रॅटलर' हे पंख्याचे जहाज आणि 'अलेक्टो' हे चाकांचे जहाज शेपटीला शेपटी बांधून परस्परविरुद्ध ओढावयास लावले, आणि रॅटलरने अलेक्टोला, तिची चाके पुढच्या दिशेस पूर्ण जोराने फिरत असतानाही, सुमारे पावणेतीन नॉट वेगाने मागे खेचत नेले. अशा दोऱ्या ओढण्याने शास्त्रीय सत्य सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. पण खात्याच्या मंजुरीसाठी जो देखावा आवश्यक असतो तो मात्र उत्तम झाला. होडीला बाहेरून अडकवण्याची मोटार व्यापारी प्रमाणावर रुजली ती मूळच्या नॉर्वेच्या ओले एव्हिनरूड याने १९०९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे ती बनवण्यास आरंभ केल्यानंतर. आणि कोकणपट्टीवरील लहान होड्यांमागे आज जी मोटार गुरगुरते ती त्याच कुळातील. तिथले खलाशी प्रॉपेलर हा शब्द क्वचितच उच्चारतात, सरळ पंखा म्हणतात, आणि मला तोच शब्द पसंत आहे.

पानशेतला जाण्यापूर्वी पंख्याची जबानी घेणे अवश्य होते. विकणाऱ्याने "अकराचा आहे" असे तोंडी सांगितले होते. तुंब्यावरील आकडे मात्र तासून आणि वर रंगाचे दोन हात देऊन नाहीसे झाले होते. आमच्या स्वयंपाकघरातील कडाप्प्याच्या ओट्यावर कागद पसरून त्यावर मी पंखा तुंब्यावर उभा केला, नातीच्या कंपासपेटीतून कोनमापक, कर्कटक आणि गुण्या उसने घेतले, पंख्याच्या मध्यापासून एका ठराविक अंतरावर पात्यावर खडूने कंस काढला आणि त्या कंसाची दोन्ही टोके गुण्याने कागदावर उतरवली. त्या दोन बिंदूंमधील कोन भरला चाळीस अंश. एका टोकाची ओट्यापासूनची उंची दुसऱ्याहून सुमारे एक इंच आणि सात षोडशांश इंच अधिक निघाली. चाळीस अंश हा पूर्ण फेऱ्याचा नववा भाग, सबब ही चढण नवाने गुणली की एका फेऱ्यातील मजल मिळते: जवळजवळ तेरा इंच. घरगुती मापनात अर्धा इंच इकडेतिकडे होतो हे कबूल, पण अकरा आणि तेरा यांतला फरक त्यात लपत नाही. आबांनी पंख्याकडे आणि मग खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे पाहिले.

"ह्याने आपल्यालाच आपला घाट दाखवला," ते म्हणाले.

त्याच ओट्यावर दुसरी एक खातरजमा उरकली, जी जुन्या मोटारीच्या प्रत्येक धन्याने करावी असे मला वाटते. या जातीच्या पंख्याचा तुंबा एकसंध नसतो. आत दांड्याच्या खाचांवर बसणारी धातूची नळी, तिच्याभोवती घट्ट दाबून बसवलेले रबर, आणि त्यावर पात्यांसह बाहेरचा तुंबा, अशी ती रचना असते. पाते खडकावर आपटले की रबर घसरते आणि गिअरचे दात वाचतात. पण वर्षानुवर्षांच्या उन्हापाण्याने हे रबर सैल झाले की ते खडक नसतानाही घसरू लागते, इंजिन किंचाळते आणि होडी जागची हलत नाही, आणि मालक पिच वाढवण्याच्या मागे लागतो. याचा उपाय फुकटचा आहे. आतल्या नळीवरून बाहेरच्या तुंब्यापर्यंत खिळ्याने एक सरळ रेघ ओढावी, होडी जोराने फिरवून आणावी आणि रेघ पाहावी. ती मोडली असेल तर रबर गेले. आमची रेघ पुढे अखंड निघाली.

कात्रजच्या तळ्यात मोटार उतरवण्याचा विचारही संभवत नव्हता, कारण ते तळे आता प्राणिसंग्रहालयाच्या शेजाराने राहते, आणि जलपर्णीने ते जेव्हा ग्रासले जाते तेव्हा तिच्या मुळांत पंखाच काय पण वल्हेही अडकावे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास हे तळे बांधवून त्याचे पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत खेळवले, वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवले, आणि हे सर्व कोणत्याही यंत्रावाचून, निव्वळ उताराच्या अचूक अजमासावर. ज्यांनी तो नळ आखला त्यांना पंख्याची पिच समजावून सांगण्यास मला दोन मिनिटे पुरली असती. दोन्हींकडे प्रश्न एकच, चढ किती द्यावा.

पानशेतच्या वाटेवर खडकवासला लागते, आणि तिथेच आहे १९१६ साली जिचा पाया घातला गेला ती केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा. तिच्यात नद्यांचा वेग मोजणाऱ्या प्रवाहमापकांची तपासणी होते. प्रवाहमापक म्हणजे उलटा पंखा: आपला पंखा फिरून पाण्याला ढकलतो, तिथे पाणीच छोट्या पंख्याला फिरवते आणि फेरे मोजून वेग काढतात. मात्र पाण्यात आणि पंख्यात जो व्यवहार चालतो तो लाकूड आणि स्क्रू यांच्याइतका चोख नसतो. पाणी थोडे निसटते, आणि गणिताने यावी तेवढी मजल प्रत्यक्षात येत नाही. या तुटीला घसर म्हणावे. ती शून्य कधीच नसते, कारण घसर नाही तर धक्का नाही. हलक्या, धावत्या होडीत ती शेकडा दहा ते वीस असली तर व्यवहार ठीक चालला आहे असे समजावे.

इंजिनावर फेरे दाखवणारी तबकडी नव्हती. जुन्या मोटारींवर ती सहसा नसतेच, आणि तिच्यावाचून पंखा निवडणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे. प्लगच्या तारेभोवती वेटोळे घालून ठिणग्या मोजणारे एक लहान मीटर बाजारात थोडक्या किमतीत मिळते, ते आम्ही नेले होते. मेहुण्याने पूर्ण वेग दिला आणि मीटरने आकडा दाखवला आठ हजार आठशे. क्षणभर सर्वांचीच वाचा बसली. मग लक्षात आले की मीटर चार स्ट्रोकच्या इंजिनासाठी लावलेले होते, ज्यात दोन फेऱ्यांना एक ठिणगी धरतात. आमच्या इंजिनात दर फेऱ्याला ठिणगी पडते. म्हणजे खरे फेरे चार हजार चारशे. इंजिनावरच्या पट्टीत पाच हजार ते साडेपाच हजार असा स्पष्ट हुकूम होता.

मोबाइलवर वेग दिसला तासाला तीस किलोमीटर. इंजिनाच्या सुमारे दोन फेऱ्यांस पंख्याचा एक, म्हणजे पंख्याचे मिनिटाला दोन हजार दोनशे. दर फेऱ्यास तेरा इंच. हिशेबाने वेग त्रेचाळीस किलोमीटरच्या वर यावयास हवा होता. सुमारे एकतीस टक्के घसर. होडी पाण्यावर नीट उचलली जात नव्हती, नाक वर करून पाणी नांगरत चालली होती.

मेहुण्याची तक्रार अशी, की हीच मोटार मुंबईच्या खाडीत विकणाऱ्याने त्याच्यासमोर झकास पळवून दाखवली होती. ती तक्रार खोटी नव्हती. तिथे होडी रिकामी होती आणि माणसे दोन. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे समुद्रसपाटी होती. हवा हे इंजिनाचे निम्मे अन्न आहे, आणि जसजसे वर जावे तसतशी ती विरळ होते. दर हजार फुटांस इंजिनाची सुमारे तीन टक्के शक्ती घटते. खडकवासल्याचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे ऐंशी मीटरांवर, पानशेतचे त्याहूनही वर. म्हणजे खंडाळ्याचा घाट चढून आलेल्या मोटारीने सुमारे सहा टक्के ताकद घाटाखालीच ठेवली, शिवाय हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच, त्यामुळे मिश्रण दाट होऊन धूर वाढला. किनाऱ्यावरून देशावर मोटार आणणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट सहसा येत नाही, आणि मला वाटते आमच्या धरणांवर ज्या मोटारींना म्हातारी ठरवून मोडीत काढले गेले असेल त्यांतल्या काहींचा गुन्हा एवढाच असावा, की त्यांच्या अंगावर समुद्राचा पंखा होता.

म्हातारपण मुळीच नसते असे मात्र नाही. म्हणून पंख्याला दोष देण्यापूर्वी दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजून घेतला, तो परस्परांशी जवळपास जुळला. थ्रॉटल पूर्ण उघडतो की केबल लांबल्याने पाऊणच उघडतो हे पाहिले. आणि मोटारीची पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत आहे ना, याची खात्री केली. मोटार फार वर टांगली तर पंखा वरून हवा ओढतो आणि फेरे फुकट वाढतात. फार खाली असेल तर सगळी पेटी पाण्यात ओढत न्यावी लागते. हवा ओढणे हा एक दोष, आणि पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरणे की पाण्याचीच वाफ होऊन तिचे बुडबुडे फुटताना धातू कुरतडतात, हा दुसरा. या दुसऱ्याने चार्ल्स पार्सन्ससारख्या इंजिनिअरालाही आपल्या 'टर्बिनिया' या नौकेवर घाम फोडला होता. एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि त्यांवर मिळून नऊ पंखे बसवले तेव्हा कुठे ती १८९७ मध्ये इंग्लंडच्या आरमाराला वाकुल्या दाखवत धावली. लोक हे दोन्ही दोष एकाच नावाने संबोधतात. आमच्या पात्यांवर तसे चट्टे नव्हते, विषय तिथेच मिटला.

आता हिशेब सोपा राहिला. पिच एक इंचाने कमी केली की पूर्ण वेगातील फेरे साधारण दीडशे ते दोनशेनी वाढतात. आम्हाला सहाशे हवे होते. तीन इंच उतरून दहाचा पंखा घ्यावा असे ठरले, आणि चाचणी घ्यायची ती चार माणसे आणि ओली जाळी होडीत असताना, कारण होडीचे रोजचे आयुष्य तेच. रिकाम्या होडीवर निवडलेला पंखा हा लग्नाच्या फोटोवरून ठरवलेल्या स्वभावासारखा असतो.

दुकानात स्टेनलेस स्टीलचा चकाकता पंखा पुढे करण्यात आला. तो पातळ, ताठ आणि वेगाला चांगला असतो यात शंका नाही. पण उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले की खडक आणि झाडांचे बुंधे हातभर पाण्याखाली येऊन बसतात, आणि तिथे पाते वाकणे परवडते, गिअर तुटणे परवडत नाही. जुन्या मोटारीचे गिअर मिळवण्यासाठी किती दारे ठोठवावी लागतात हे ज्याने अनुभवले आहे तो नरम ॲल्युमिनियमच घेईल. दांड्यावरच्या खाचा मोजून नेल्या होत्या, कारण त्या एकीने जरी कमीजास्त असल्या तरी पंखा बसत नाही; धूर तुंब्यातून बाहेर जाणारी मोटार आहे की नाही हेही सांगावे लागते. पंखा उतरवल्यावर दांड्यावर मागे राहिलेली निमुळती चकती जपून ठेवली. जुन्या पंख्याबरोबर ती चुकून गेली तर नवा तुंबा गिअरपेटीवर घासू लागतो.

त्या चकतीमागे दांड्याला नायलॉनच्या जाळ्याचा धागा गुंडाळलेला सापडला, केसासारखा बारीक आणि तारेसारखा ताठ. हा धागा हळूहळू तेलाचे सील कापतो, पाणी आत शिरते, आणि गिअरचे तेल चहातल्या दुधासारखे पांढुरके होते. मेहुण्याने तो चाकूने कापून काढला आणि स्वतःच्याच जाळ्याचा असल्याचे निमूटपणे कबूल केले.

नव्या पंख्याने, चार माणसे आणि जाळ्यांसह, इंजिन पाच हजारांवर गेले. एकटा मेहुणा बसला तेव्हा साडेतीनशेनी अधिक. दोन्ही आकडे पट्टीवरील हुकमाच्या आत. वेग बत्तीस किलोमीटर, म्हणजे पिच तीन इंचांनी कमी करूनही पूर्वीपेक्षा दोन अधिक, आणि घसर निम्म्यावर, सोळा टक्के. आबा पुढच्या फळीवर बसले होते. होडी उचलली गेली तेव्हा त्यांचा उजवा हात नकळत मांडीजवळ गेला आणि काही नसलेला गिअर त्यांनी खाली घेतला.

तेराचा पंखा मोडीत घातलेला नाही. तो गोणपाटात गुंडाळून होडीतच ठेवला आहे, कारण भर जलाशयात पाते मोडले तर चुकीचा पंखाही वल्ह्याहून बरा, कण्हत का होईना काठाला आणतो. त्याच्याबरोबर पान्हा, पक्कड, जास्तीचा नट आणि अर्धा डझन कॉटर पिना ठेवायच्या होत्या, आणि त्या सुट्या राहिल्या तर ऐन वेळी सापडत नाहीत, म्हणून मेहुण्याने हाताशी असलेली पत्र्याची पेटी घेतली. ती माझ्या नातीची कंपासपेटी होती. तिची भूमितीची परीक्षा सोमवारी आहे आणि कोनमापक पानशेतला आहे.